सहासष्ट फूट टाळून

कुसुमकाकू तायड्यांचं नाव आधी घेते, मग बाकीचं सांगते. काकू अकोल्याच्या. पोलिसांच्या बिनतारी विभागात उभा जन्म घालवून निवृत्त झालेल्या. गुडघे जिना चढू नका म्हणतात आणि काकू गुडघ्यांना गप्प बसवून चढतात. पुढं जे लिहिणार आहे त्यात माझी फक्त कात्री. शहाणपण सगळं त्यांचं.

मार्च लागला की मला दहावीचा पेपर आठवतो. आता मी सत्तावीस वर्षांची, अमरावतीजवळ नांदगाव पेठेच्या कपड्याच्या कारखान्यात पंधरा मशीनच्या लाइनवर पोरींना कॉलर बसवायला शिकवते, तरी आठवतो. रहाटगावातल्या माझ्या खोलीवरून कारखान्याची बस निघते ती एका शाळेवरून जाते. फाटकाबाहेर आया उभ्या. कुणी पोराच्या तोंडात दहीसाखर घालतंय, कुणी ताकीद देतंय, "पयले सोपे सोडवजो." मी खिडकीतून मान वळवते. अकरा वर्षांपूर्वी तालुक्याच्या शाळेत दहावीच्या गणिताचा पेपर माझ्या बाकावर उपडा ठेवला होता. तो उलटा केला, आणि हातांना असा घाम सुटला की पेन धरवेना. अर्धा तास झाल्याशिवाय बाहेर सोडत नाहीत म्हणून घड्याळाकडं बघत बसले. सोडलं तशी काजूच्या बागांतून चालत सुटले ते मावशीच्या घरी. पुन्हा शाळेत गेले नाही. आमचं गाव चंदगडकडचं, नकाशात पार खाली. तिथून कोल्हापूरला मशीन शिकायला, तिथून इचलकरंजीला, तिथून इकडं वऱ्हाडात. पळता पळता माणूस किती लांब येतो याला काही हिशेब नाही.

पण या मार्चमध्ये त्या आठवणीत एक गोड चवही मिसळलेली आहे. किसलेल्या कैरीच्या आंबटगोड तक्कूसारखी. ती दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्याची आहे.

शीतल माझ्याच लाइनवर तयार शर्ट तपासायला बसते. माझ्या कॉलर परत पाठवणारी एकटीच. त्यामुळं आधी भांडण आणि मग मैत्री. एका रविवारी म्हणाली, "एकटी खोलीत काय करतं वं? चाल आमच्या घरी, अकोल्याले." बडनेरा, मूर्तिजापूर करत अडीच तासांनी पोचलो तेव्हा मी घामानं अशी भिजले होते की आधी ओढणी धुतली आणि वाळत घालायला गच्चीवर गेले. पाण्याच्या टाकीपासून कोपऱ्यातल्या कडुनिंबापर्यंत एक छान ताणलेली तार होती. घातली तिच्यावर.

पाच मिनिटांनी खालून आवाज आला.

"कोनं वाळू घातलं वं माह्या अँटेनावर?"

शीतल खाली खिडकीत पोट धरून हसत होती. मी ओढणी उचलून तशीच ओली खांद्यावर टाकून खाली गेले. समोर एक ठेंगणी, पांढऱ्या केसांची बाई, कानांवर मोठे हेडफोन, पुढ्यात डबाभर बटणांचा रेडिओ. मला वाटलं आता काही खरं नाही. मी म्हणाले, "काकू, माफ करा, मला वाटलं दोरी आहे."

"दोरीच हाये ते," त्या म्हणाल्या. "कपड्यायच्या जागी आवाज वाळू घालतो आमी. बस. जेवली का?"

अशी शीतलच्या आईशी, म्हणजे कुसुमकाकूंशी, माझी ओळख. त्या म्हणजे हौशी रेडिओवाल्या, सरकारी परवाना घेऊन घरबसल्या बिनतारीवर देशभराशी, कधी देशाबाहेरही बोलणाऱ्या. मोबाइल असताना हे कशाला, असं मी विचारलंच. काकू म्हणाल्या, "मोबाइलवर ज्याचा नंबर असते त्याच्याशीच बोलतं तू. अथी कोन भेटंल ते मालूम नाई." मग त्यांनी हेडफोन माझ्या कानाला लावला. खरखरीच्या आतून एक माणूस बोलत होता, केरळकडचा असावा, इंग्रजीत सांगत होता की त्याच्याकडं पाऊस आहे. बाहेर अकोल्याचं ऊन पत्र्यावर वाजत होतं आणि माझ्या कानात पाऊस पडत होता. आमच्या घरच्यासारखा, कौलांवरचा.

"रडून काहून राहिली?" काकूंनी विचारलं.

"नाही, घाम आहे," मी म्हणाले. ती खोली अशी होती की हे कुणालाही पटलं असतं. कारण रेडिओ लावला की कूलर बंद. कूलरच्या मोटरची घरघर रेडिओत घुसते. वारा घ्यायचा की माणसं ऐकायची, हा तायडे घरातला उन्हाळाभराचा तंटा. शीतलचे बाबा वाऱ्याच्या बाजूचे. ते दर पंधरा मिनिटांनी दारात येऊन विचारत, "झाले का तुमचे देशोदेशीचे?"

पुढं रविवार लागून राहिले. मी ऐकायची. काकू सांगायच्या, "परवाना नाई तोवर बटन दाबाचं नाई, कान लावाले कोनाची ना नाई." आणि मग एकदा सहज म्हणाल्यासारखं, "परीक्षा देऊन टाक नं. शाळेचं सर्टिफिकेट कोनी मागत नाई तथी." परीक्षा हा शब्द ऐकून मी भाकरीचा घास तसाच हातात धरला. काकूंनी बघितलं. तक्कूची वाटी माझ्याकडं सरकवली.

एप्रिलच्या सुरुवातीला एक कोरडी वावटळ आली. पाऊस नाही, ढग नाही, नुसती धूळ आणि उडणारे पत्रे. कडुनिंबाची फांदी मोडली आणि गच्चीवरची ती जुनी तार तीन ठिकाणी तुटली. काकूंनी गुरुवारी मला फोन केला. आवाज असा, घरातलं कुणी आजारी असल्यासारखा. त्यांच्याकडं तांब्याच्या चांगल्या तारेची एक गुंडाळी होती, शंभर फुटांची, निवृत्तीच्या दिवशी सोबतच्यांनी दिलेली. बाकीच्यांना त्या दिवशी शाल-श्रीफळ मिळतं, काकूंनी तार मागून घेतली होती. तीच आता बांधायची होती.

"तू एक काम कर," त्या म्हणाल्या. "सात मेगाहर्ट्झची अर्धी लाट किती फुटाची येते ते काढून ठेव. चारशे अडुसष्टले सात पूर्नांक एकनं भागजो. रविवारी पाहू."

आमच्या धंद्यात एक रीत आहे. मास्तरनं माप सांगितलं म्हणजे ते कापायचं माप. छाती छत्तीस म्हटलं की छत्तीसचा पॅटर्न काढायचा, का म्हणून विचारायचं नाही. मी शुक्रवारी कारखान्यातून आल्यावर भागाकार केला. तीनदा केला. भीतीपोटी मी सगळंच तीनदा करते, कुलूपसुद्धा. चारशे अडुसष्ट भागिले सात पूर्णांक एक. उत्तर आलं सहासष्ट, अगदी काठोकाठ. मला इतका आनंद झाला की रविवारी पहाटेची बस धरून मी अकोल्यात हजर. काकू विहारात वंदनेला गेल्या होत्या. शीतल शनिवारीच घरी आली होती, ती झोपेत होती. मी तिला उठवलं, गुंडाळी काढली, शिवणाची टेप लावून फरशीवर फूट-फूट मोजत सहासष्टावर खूण केली आणि कात्री घातली. चौतीस फूट उरली ती नीट गुंडाळून ठेवली. मग शीतलला निंबावर चढवलं, तार टाकीपासून शाबूत फांदीपर्यंत ताणली, मुळाशी काकूंचा तो छोटा डबा जोडला. डब्याच्या पोटात तांब्याचे वेढे असतात, तार आणि रेडिओ यांची गाठ तो घालून देतो. सगळं कसं कॉलरसारखं बसलं. एक सुरकुती नाही.

काकू आल्या. पांढरं लुगडं, हातात प्रसादाच्या केळ्यांची पिशवी. वर बघून म्हणाल्या, "अवं माय, बांधली बी?" आणि खुशीत रेडिओपुढं बसल्या. कूलर बंद केला. एक बटण दाबलं, दुसरं फिरवलं. तारेनं न घेतलेलं किती परत येतंय ते दाखवणारा काटा उजवीकडं जाऊन पडला. पुन्हा फिरवलं. पुन्हा पडला. चौदा मेगाहर्ट्झवर गेल्या, तिथंही तेच. एकवीसवर, अठ्ठावीसवर, सगळीकडं काटा उजव्या भिंतीला जाऊन टेकायचा.

"किती फूट कापली?"

"सहासष्ट. तुम्ही सांगितली तीच."

काकूंनी हेडफोन काढला. कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, "जे टाळाची ते लांबी काढाले सांगली होती वं मी, पोरी. तू तीच कापली."

त्या हसत होत्या. शीतल हसत होती. शीतलचे बाबा कूलर लावायला मिळाला म्हणून हसत होते. मला मात्र ते हसणं खोल विहिरीतून ऐकू येत होतं. माझ्यापुढं तो उपडा पेपर होता. त्यांच्या सोबत्यांनी दिलेली तार मी कापली. एकच होती. मी चुकीचं गणित केलं, आणि करायचंच नव्हतं ते केलं. मी पिशवी उचलली, जिन्यावर येऊन चपला घातल्या. दुपारची बस मिळाली असती.

काकू मागून आल्या. गुडघ्यांमुळं एकेक पायरी बाजूनं उतरत. माझ्या वरच्या पायरीवर बसल्या.

"कुठी चालली?"

"खोलीवर."

"बरं. जाजो. एक सांगून जाय. कापड कमी पडलं तं काय करतं तू?"

मी चपलेचा पट्टा ओढत राहिले.

"मी म्हातारी बाई, मले शिवनकाम येत नाई, म्हनून विचारून राहिली. बाही आखूड झाली तं शर्ट फेकून देतं का?"

"जोड देते," मी म्हणाले.

"मंग दे."

एवढंच. त्या उठल्या आणि परत एकेक पायरी चढायला लागल्या. मी त्यांच्या पाठीकडं बघत होते. मी पळाले तर या बाईला गच्चीपर्यंत चढावं लागेल, तेही एकटीला, असं काहीतरी माझ्या मनात आलं. मी चपला काढल्या.

त्या दुपारी जे झालं ते मी शाळेत दहा वर्षांत शिकले नव्हते. काकूंनी सांगितलं की पाण्याची मोटर चालू करून तोटी बंद ठेवली तर दाब तेवढा वाढतो, पाणी येत नाही. तार जर एखाद्या लाटेच्या बरोब्बर अर्धी असली, तर तिच्या टोकाला तसंच होतं. नुसता दाब. रेडिओ ढकलत राहतो, तार घेत नाही. दुसरा मोठा डबा असता तर हीच सहासष्ट त्याला हवीहवीशी वाटली असती, पण आपला डबा लहान. म्हणून अर्ध्या लाटा काढायच्या, त्यांच्या दुपटी-तिपटी काढायच्या आणि त्या सगळ्यांना चुकवून जाणारी लांबी धरायची.

"म्हणजे फिटिंगचं शिवायचं नाही," मी म्हणाले.

"कोनाच्याच फिटिंगचं नाई. ढिला झबला पायजे, सगळ्यायले व्हईन असा."

मला एकदम दिसलं. मी शीतलला म्हटलं, कारखान्यातून तू पुस्तकांना घालायला आणलेला पॅटर्नचा खाकी कागद आण. आणि माझ्या पिशवीत खडू होताच, कापडावर खुणा करायचा, लाल. कागदाची लांब पट्टी फरशीवर पसरली. एका इंचाला एक फूट धरला, शंभर इंच आखले. मग एकेक भागाकार. सातची अर्धी लाट सहासष्टाला, तिथं लाल. चौदाची तेहतिसाला, तिची दुप्पट परत सहासष्टाला. एकविसाची बावीसला, चव्वेचाळीसला आणि तिप्पट पुन्हा सहासष्टाला. अठ्ठावीसची साडेसोळाला, आणि चौपट कुठं आली असेल सांगा. चारही लाटा सहासष्टावर येऊन एकमेकींच्या मांडीला मांडी लावून बसल्या होत्या. अख्ख्या कागदावर याच्याइतकी लाल जागा दुसरी नव्हती, आणि मी नेमकी तीच शोधून कापली होती.

"एवढी बरोब्बर चूक कराले बी अक्कल लागते," काकू म्हणाल्या. हे त्यांनी थट्टेत म्हटलं, पण मला ते आजवर मिळालेल्या सगळ्या शाबासक्यांपेक्षा जास्त पुरलं आहे.

लाल डागांच्या मधे कोरा कागद उरला होता. सदुसष्टाच्या पुढं ते अठ्ठ्याहत्तरापर्यंत चांगली मोकळी जागा. पन्नासाच्या पुढंही एक. काकूंनी पायाच्या अंगठ्यानं दाखवलं, "अथी कुठी बी." मी एकाहत्तर धरलं. पाच फूट कमी पडत होते. उरलेल्या तुकड्यातून पाच फूट कापले. शिवणीत माया सोडतो तशी पिळासाठी चार बोटं जास्त धरली. काकू म्हणाल्या, आधी पीळ असा घाल की सोल्डर नसता तरी तुटला नसता, मग सोल्डर. दोन्ही टोकं घासून लख्ख केली, एकमेकींवर घट्ट गुंडाळली, काकूंनी कैया, म्हणजे डाग द्यायची तापलेली सळई, धरला, मी शिसं. धुराचा तो करपट-गोड वास अजून माझ्या नाकात आहे. कारखान्यात इस्त्रीची वाफ येते तेव्हा तिच्यातून मधेच तो वास येतो, म्हणजे मला तसं वाटतं.

संध्याकाळी तार वर गेली. मधोमध जोडाची गाठ दिसत होती. काकूंनी बटण फिरवलं. काटा उजवीकडं गेला, थबकला आणि डावीकडं येऊन झोपला. मग चौदावर, एकवीसवर, अठ्ठावीसवर. सगळीकडं थोडं फिरवायला लागलं, पण सगळीकडं झोपला. काकूंनी हाक दिली आणि जबलपूरचा कुणी एक त्यांना म्हणाला की आज तुमचा आवाज छान येतोय, काय बदललं? काकू माझ्याकडं बघत बटण दाबून म्हणाल्या, "हमारे यहाँ एक नई टेलर आई है."

परीक्षेचा फॉर्म भरला तो त्याच आठवड्यात. कसा भरला ते आठवत नाही. भीतीनं आठवणीचे तुकडेही गिळून टाकलेत. एवढं आठवतं की मे महिन्यात दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत मी नि शीतल गोडाउनच्या सावलीत बसायचो आणि ती मला नियम विचारायची. चुकलं की माझ्या डब्यातली आंब्याची एक फोड तिची. पहिल्या आठवड्यात ती जाडी झाली. रविवारी काकू विजेचे नियम शिकवायच्या, आणि भागाकार, गुणाकार, दशांशचिन्ह. मी धडाधड सोडवायची. कशाला हे गणित म्हणतात ते मला कुणी सांगितलं नव्हतं. मी तारा कापत होते.

नागपूरच्या केंद्रावर काकू सोबत आल्या. ऊन असं की रस्ता हलत होता. गाडीतून उतरताना त्यांनी माझ्या हातात एक कांदा दिला. "पर्समंधी ठेव. ऊन लागत नाई." आमच्याकडं असलं काही नाही, आमच्याकडं ऊन लागायला ऊन तर पाहिजे. मी ठेवला. आत शिरताना पर्स तपासली. तिथल्या साहेबांनी कांदा बाहेर काढला, फिरवून बघितला.

"हे काय?"

"कांदा आहे, सर."

"ते दिसतंय. कशाला?"

"ऊन लागू नये म्हणून."

साहेबांनी शांतपणे टेबलाचा खण उघडून आतला स्वतःचा कांदा मला दाखवला. मग माझा परत दिला. मी हसत बाकावर बसले. आणि पेपर उपडा नव्हता, सरळच ठेवलेला होता. हात थोडे ओले झाले. मी ते ओढणीला पुसले. तीच ओढणी, काकूंच्या अँटेनावर वाळत घातलेली. अर्धा तास कधी झाला ते मला कळलं नाही. बाहेर आले तेव्हा काकू झाडाखाली उसाचा रस पीत होत्या, दुसरा पेला माझ्यासाठी हातात धरून. त्यांनी पेपर कसा गेला ते विचारलं नाही. म्हणाल्या, "पूर्ण वेळ बसली वं."

परवाना यायला थंडी पडली. मधे पोलीस चौकशीला रहाटगावात आले तेव्हा माझ्या घरमालकांना वाटलं मी काहीतरी केलंय, आणि मलाही क्षणभर तसंच वाटलं. मग काकूंनी त्यांचा जुना रेडिओ मला आणून दिला. घरमालकांच्या गच्चीवर जागा कमी, म्हणून मी पट्टीवरची दुसरी मोकळी जागा धरली, अठ्ठावन्न फूट. एका टोकाला टाकी, दुसऱ्या टोकाला शेजाऱ्यांचा शेवगा. एका रविवारी सकाळी अकराला अकोल्याशी बोलायचं ठरलं.

अमरावती ते अकोला, एसटीनं अडीच तास. पण आवाज एसटीनं जात नाही. तो आधी सरळ वर जातो, आभाळातल्या कुठल्याशा थराला लागतो आणि वरून खाली उतरतो. शेजारच्या गावाशी बोलायला एवढं उंच जावं लागतं, हे मला काकूंनी सांगितलं तेव्हा खरं वाटलं नव्हतं. अकरा वाजले. मी बटण दाबलं. म्हणायचं काय ते पाठ होतं. ओठ हलले, आवाज निघेना. बटण तसंच दाबलेलं. मग दचकून सोडलं.

खरखरीतून काकूंचा आवाज आला. "बटन दाबून गप बसली का वं? फकत तुह्या श्वासाची हवा येऊन राहिली अथी. ओव्हर."

नव्वद-पंचाण्णव किलोमीटरवर माझा नुसता श्वास पोचला होता आणि तो माझा आहे हे त्यांना कळलं होतं. मी इतकी हसले की मग बोलता आलं. काय बोलले ते सांगण्यासारखं काही नाही. कांद्याचा भाव, भरताची वांगी, शीतलचं जाड होणं, असंच. मागं शीतलच्या बाबांचा आवाज येत होता, "झाले का?"

तो उन्हाळा मला बऱ्याचदा आठवतो आणि त्यातलं काय आठवायचं ते मी ठरवत नाही. कधी तो बंद कूलर. कधी जिन्यातल्या गार पायऱ्या, काकूंचे वाकडे पाय एकेक पायरी उतरताना. कधी ती खाकी पट्टी. ती आता माझ्या खोलीच्या भिंतीवर आहे, लाल खडू थोडा पुसटला आहे. लोक विचारतात, कसला पॅटर्न? मी म्हणते, बाहीचा. मला आधी वाटायचं की मी कुठंच नीट बसत नाही हा माझ्यातला दोष. घरी दहावी न झालेली, इथं वऱ्हाडी न येणारी. "मला" म्हटलं की लाइनवरच्या पोरी "मले" म्हणून चिडवतात, आणि गावी गेले की तोंडातून "मले" निघतं आणि आई बघत राहते. आता ते तितकंसं टोचत नाही. एवढंच. याहून मोठं काही म्हणायचं माझं शिक्षण नाही.

तर, हा मार्च. मला जे खरं सांगायचं होतं ते इतका वेळ टाळलं. मागच्या जूनमध्ये काकूंच्या गच्चीवर पापड वाळत घालताना मी विचारलं होतं, "काकू, तुमचं कसं फेडू?" काकू पापड उलटत म्हणाल्या, "माहं काई नाई निघत तुह्याकडं. ते तुह्या गनिताचं काई निघत असंल तं पाय." मी दहावीला बाहेरून बसायचा फॉर्म भरला. मराठी झाला, इंग्रजी झाला. गणिताचा पहिला भाग येत्या सोमवारी आहे. अमरावतीतल्या त्याच शाळेत, जिच्यावरून माझी बस जाते. माझ्या बाकाच्या आजूबाजूला पंधरा वर्षांच्या मुली असतील आणि पर्यवेक्षक मला आधी पालक समजतील. झोप लागत नाही असं नाही, लागते, पण जाग येते तेव्हा हात ओले असतात. पर्समध्ये कांदा आताच टाकून ठेवला आहे, ऊन अजून तेवढं नसलं तरी. बाकी काय होईल ते मला माहीत नाही. पूर्ण वेळ बसायचं, एवढंच मी स्वतःपाशी ठरवलं आहे.

आणि काकू, तुम्ही काही निघत नाही म्हणालात तरी माझ्या बाजूनं निघतं. ते मी फेडणार आहे. कसं, तेही ठरलंय. एखाद्या पावसाळ्याच्या आधी तुम्हाला माझ्या गावी नेईन. जिना नाही आमच्या घराला, गुडघ्यांना सांगून ठेवा. त्याआधी शीतलला परवाना काढायला लावणं माझ्याकडं लागलं, फोडी खाऊन तिला निम्मे नियम पाठ झालेच आहेत. ती अकोल्याला तुमच्या खुर्चीत बसेल. आमच्या घराच्या आढ्यापासून परसातल्या काजूपर्यंतचं अंतर मी भावाकडून मोजून घेतलं आहे. साठ फूट भरतंय, म्हणजे अठ्ठावन्न आरामात बसते. पट्टीवर बघितलं, जागा कोरी आहे. तार मी ताणीन, बटण तुम्ही दाबायचं. आमच्याकडं कूलर कुणाकडंच नाही, त्यामुळं अकोला अगदी स्वच्छ ऐकू येईल.